सिंगल-फिन बोर्ड वळत नाही, की शेपटी घसरते? नवी फिन मागवण्याआधी हे तपासा

तक्रार बहुतेक वेळा याच क्रमाने येते. नऊ-सव्वानऊ फुटी लाँगबोर्ड, म्हणजे लांब सर्फबोर्ड घेतला आणि त्याबरोबर आलेली १० इंची फिन, म्हणजे शेपटीखालचं उभं पातं लावलं. बोर्ड सरळ छान जातो, पण वळवायला गेलं की बैलगाडी. मग कोणीतरी सांगतं, ‘फिन मोठी आहे, लहान लाव.’ ७ इंची मागवली जाते. आता बोर्ड वळतो, पण लाट जरा उभी राहिली की शेपटी बाजूला निघून जाते आणि माणूस पाठीवर आपटतो. पुन्हा १० इंची, पुन्हा बैलगाडी. दोन फिन्सचे पैसे गेले, तरी फिन बॉक्समध्ये, म्हणजे ती बसवायच्या खाचेत, पुढे-मागे सरकवता येते हे कोणी करून पाहिलेलंच नसतं.

या दुखण्याचं मूळ शोधायचं ते या क्रमाने: आधी बॉक्स आणि स्क्रू, मग फिनची जागा, मग माप, आणि आकार सगळ्यात शेवटी. दुकानात मात्र बोलणं आकारापासून सुरू होतं, कारण विकायला आकारच असतो.

खालचं सगळं लांब खाचेच्या बॉक्सबद्दल आहे. बोर्डाच्या मधल्या रेषेवर साधारण १० इंचांची खाच, फिनच्या बुडाला मागे आडवी पिन आणि पुढे एक स्क्रू, अशी ही रचना. गोव्यात आश्वे, मांद्रे, हरमलच्या बाजूला किंवा खाली कर्नाटकात मुल्कीला कडक लाँगबोर्ड दिसतात, त्यांना बहुधा हाच बॉक्स असतो. शिकवणीसाठी वापरतात त्या मऊ फोमच्या बोर्डांची गोष्ट वेगळी. त्यांच्या प्लास्टिकच्या फिन्स बोर्डाच्या आरपार जाणाऱ्या स्क्रूने कसलेल्या असतात, जागा बदलता येत नाही. तिथे स्क्रू घट्ट आहेत ना एवढं पाहावं आणि बाकीचा विचार सोडून द्यावा.

फिन म्हणजे सुकाणू नव्हे

सुकाणू फिरतं, फिन जागची हलत नाही. तुलना करायचीच तर ती होडीच्या पठाणाशी, म्हणजे बुडाखालच्या मधल्या कण्याशी करावी. बोर्ड सरळ जात असताना फिनच्या दोन्ही अंगांनी पाणी सारखंच वाहतं आणि फिन जवळजवळ काहीच करत नाही. तुम्ही बोर्ड एका कडेवर झुकवता, शेपटी थोडी तिरकी होते, पाणी फिनवर कोनात येतं आणि मग आडवा रेटा तयार होतो. त्या रेट्यावर टेकून बोर्ड वळतो. अमेरिकी सर्फर टॉम ब्लेकने १९३५ मध्ये हवाईतल्या वाइकिकीला आपल्या बोर्डाखाली स्पीडबोटीची फिन बसवली. त्याआधी लोक वळण्यासाठी मागचा पाय पाण्यात बुडवून ओढत असत.

आडवा रेटा किती मिळेल हे तीन गोष्टींवर ठरतं: फिनचं क्षेत्रफळ, वेग आणि पाणी येण्याचा कोन. यातल्या वेगाचा परिणाम वर्गाने होतो. वेग निम्मा झाला की रेटा पावपट उरतो. कमरेएवढ्या संथ लाटेवर ‘लाट लहान आहे, फिनही लहान लावू’ हा हिशेब म्हणूनच उलटतो. लाट संथ असली तर त्याच पकडीसाठी फिन जास्त लागते. आणि कोन एका मर्यादेपलीकडे गेला की पाणी फिनच्या अंगाला चिकटून वाहायचं थांबतं, वरून हवाही आत ओढली जाते. पकड हळूहळू कमी होत नाही, एकदम सुटते. शेपटी घसरण्याचा तो झटका यातूनच येतो.

आता मापाचं गणित. आकार तोच ठेवून उंची १० वरून ९ इंचांवर आणली तर क्षेत्रफळ ८१ टक्के उरतं, ८ वर ६४ टक्के, आणि ७ वर फक्त ४९ टक्के. ‘तीनच इंच कमी केले’ असं वाटतं, प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त फिन कापून टाकलेली असते. बोर्ड कडेवर झोपवताना फिन जो विरोध करते तो तर साधारण घनाने उतरतो, म्हणजे ७ इंचांना तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. १० आणि ७ यांच्यामध्ये बोर्डाचा स्वभावच बदलतो, तो यामुळे. तुम्हाला हवी असलेली फिन या दोघींच्या मध्ये कुठेतरी असते.

आधी बॉक्स

बोर्ड उलटा ठेवा, खाली टॉवेल घाला. फिन कसलेली असू द्या. टोक दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवा आणि नजर टोकावर न ठेवता बुडावर ठेवा.

नुसतं टोक लवत असेल तर ठीक. बुडाशी टकटक होत असेल तर फिन खाचेत सैल आहे. खाच आणि बुडाची पट्टी दोन्ही साधारण ९ मिलिमीटर रुंदीच्या असतात, पण प्रत्येक कंपनीचा माल अर्ध्या मिलिमीटरने इकडे-तिकडे असतोच. सैल फिनच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीचा एकेक थर लावा. एकाच बाजूला लावलीत तर फिन वाकडी बसेल. कायमचा उपाय करायचा तर पट्टीवर इपॉक्सी रेझिनचा पातळ हात मारायचा आणि वाळल्यावर बसेल इतपत घासायचं. फिन घट्ट असेल तर ८० नंबरचा पॉलिश पेपर सपाट लाकडावर ठेवून पट्टी दोन्ही बाजूंनी सारखी घासा. हातोडीने ठोकून बसवलेली फिन बसते खरी, पण काढताना बॉक्सची कड घेऊन निघते.

फिनबरोबर अख्खा बॉक्सच हलत असेल किंवा त्याच्या कडेने केसाएवढी चीर दिसत असेल, तर फिनची निवड वगैरे बाजूला ठेवा आणि बोर्ड पाण्यात नेऊ नका. चिरेतून पाणी फोममध्ये जातं, बोर्ड जड होतो आणि एक दिवस बॉक्स फिनसकट उखडतो. आधी बोर्ड सावलीत पूर्ण वाळू द्या, याला काही दिवस लागतात. मग घासून फायबरग्लास कापड आणि रेझिन. आतला फोम कोणता आहे याची खात्री नसेल तर इपॉक्सीच वापरा. पॉलिस्टर रेझिनने थर्माकोलसारखा ईपीएस फोम विरघळतो, इपॉक्सी मात्र ईपीएस आणि पॉलियुरेथेन या दोन्ही फोमना चालतं.

नंतर दोरा. नाकाच्या, म्हणजे बोर्डाच्या पुढच्या, टोकापासून शेपटीच्या मध्यापर्यंत एक दोरा ताणा, तो मधल्या लाकडी पट्टीवर बरोबर पडला पाहिजे. फिन त्या रेषेत आहे का ते शेपटीकडून एक डोळा मिटून पाहा. बोर्ड एका बाजूला छान वळतो आणि दुसऱ्या बाजूला अडतो, या तक्रारीचं उत्तर अनेकदा इथेच मिळतं. फिन एक-दोन अंशांनी तिरकी असते, किंवा प्लास्टिकची असली तर गाडीच्या डिकीत उन्हाने वाकलेली. दोऱ्यात काहीच दोष दिसला नाही तर तुमच्या उलट पाय पुढे ठेवून उभ्या राहणाऱ्या कोणाला तरी बोर्ड द्या. त्याची अडचण तुमच्या उलट बाजूला आली, तर दोष बोर्डात नाही, उभं राहण्यात आहे.

स्क्रूचे आटे

कसलेली फिन समुद्रात गळून पडण्यामागे बहुतेक वेळा आट्यांची गफलत असते. स्क्रू ज्यात कसला जातो ती खाचेतली छोटी धातूची पट्टी म्हणजे प्लेट. अमेरिकी पद्धतीच्या प्लेटला ८-३२ मापाचा स्क्रू लागतो, म्हणजे जाडी ४.१७ मिलिमीटर आणि इंचाला ३२ आटे. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो एम-४, म्हणजे जाडी ४ मिलिमीटर आणि आट्यांतलं अंतर ०.७ मिलिमीटर. दिसायला दोन्ही जुळे भाऊ. एकाच्या प्लेटमध्ये दुसरा घातला की दोन-तीन फेरे जातो आणि अडकतो. जोर लावून कसला तर आटे झिजतात. किनाऱ्यावर घट्ट वाटतो, पाचव्या लाटेला फिन तळाशी. त्यामुळे स्क्रू आणि प्लेट नेहमी जोडीनेच घ्या, स्टेनलेस स्टीलचीच घ्या, आणि एक जादा जोडी वॅक्सच्या, म्हणजे पाय घसरू नये म्हणून बोर्डावर घासायच्या मेणाच्या, डबीत टाकून ठेवा.

बसवण्याची रीत:

१. खाचेतली वाळू जुन्या टूथब्रशने आणि गोड्या पाण्याने काढा. वाळूचा एक दाणाही प्लेट तिरकी करायला पुरतो.
२. खाचेच्या मध्याजवळ कडेच्या खोबणीला मोकळी जागा असते. तिथून प्लेट आत सोडा आणि पुढे, म्हणजे नाकाच्या दिशेने, सरकवा. प्लेट घसरत असेल तर खालून वॅक्सचा ठिपका लावा, हवी तिथे चिकटून राहते.
३. फिनची मागची पिन त्याच मोकळ्या जागेतून आत घाला, फिन मागे सरकवा, मग पुढचा भाग खाली दाबा.
४. पुढच्या भोकातून पाहून प्लेटचं भोक जुळवा. स्क्रू आधी हातानेच दोन फेरे फिरवा. हाताने जात नसेल तर पेचकस लावू नका, आटे जुळलेले नाहीत.
५. पेचकस तीन बोटांत धरून कसा. अडला की आणखी पाव फेरा, बस्स. पूर्ण मुठीने पिळलं की खोबणीची कड वर उचकटते.

आणि हो, फिनची दिशा. मागे झुकलेली फिन कोणी उलटी लावत नाही, पण सरळ उभ्या फिनची हमखास उलटी लागते. जाड आणि गोलसर धार नाकाकडे, पातळ धार शेपटीकडे. बोटाने चाचपलं की कळतं.

आता सरकवून पाहा

खाच १० इंचांची आणि फिनचं बूड साडेसहा-सात इंचांचं, म्हणजे हाताशी तीन इंचांच्या आसपास मोकळीक आहे. या तीन इंचांत बोर्डाचा स्वभाव जितका बदलतो तितका पुष्कळदा नव्या फिननेही बदलत नाही. फिन पुढे घेतली की ती तुमच्या मागच्या पायाच्या जवळ येते, बोर्ड सहज फिरतो, पण सरळ जाताना थोडा भटकतो. मागे नेली की बोर्ड रेषेत राहतो, शेपटी धरून ठेवतो आणि वळायला जास्त मेहनत मागतो.

सुरुवात मधोमध. फिनच्या मागच्या धारेपासून शेपटीच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा आणि बॉक्सशेजारी चिकटवलेल्या कागदी टेपवर पेन्सिलने रेघ मारा. पहिला बदल १२ मिलिमीटरचा करा, म्हणजे फरक जाणवेल. त्यानंतरचे बदल सहा-सहा मिलिमीटरचे. प्रत्येक जागेला निदान आठ-दहा लाटा द्या. दोन लाटांवरून काढलेला निष्कर्ष त्या दोन लाटांचाच असतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि शक्यतो त्याच भरती-ओहोटीच्या वेळेला जा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा असेपर्यंत पाणी गुळगुळीत असतं. दुपारी खारा वारा सुटला की पृष्ठभागावर चुरचुर लाटा उठतात आणि कोणतीही फिन वाईट वाटू लागते. सकाळी एक फिन आणि दुपारी दुसरी अशी तुलना करण्यात अर्थ नाही.

या सगळ्याआधी एक अवघड प्रश्न स्वतःला विचारावा लागतो: वळताना मागचा पाय कुठे असतो? लाँगबोर्डाच्या मधोमध उभं राहून नुसते खांदे फिरवले तर ६ इंची फिनही वळणार नाही. जोरात वळायचं तर मागचा पाय शेपटीपासून दीड-दोन वितींच्या आत, जवळजवळ फिनच्या वर यायला हवा. किनाऱ्यावरून कोणाकडून तरी मोबाइलवर चित्रण करून घ्या आणि पाय पाहा. ‘फिन बदलून द्या’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा प्रश्न इथे सुटतो, फक्त ते ऐकायला कोणाला आवडत नाही.

शेपटी नेमकी कधी घसरते?

‘घसरते’ एवढं सांगून भागत नाही. लाट पकडून खाली उतरताना घसरत असेल तर फिन लहान आहे किंवा फार पुढे आहे. आधी १२ मिलिमीटर मागे न्या. त्याने भागलं नाही तर अर्धा इंच मोठी फिन.

वळणाच्या मध्यात, पाय पूर्ण दाबल्यावर सुटत असेल तर मापाआधी कडकपणा तपासा. फिनचं बूड टेबलाच्या कडेवर धरून टोक अंगठ्याने दाबा. भरीव फायबरग्लासची फिन थोडी लवते आणि हात काढताच परत येते. साच्यातली प्लास्टिकची फिन बोटभर वाकते आणि आळसावून सरळ होते. वळणात नेमकं तेच घडतं. तुम्ही जोर लावता तेव्हा टोक पळ काढतं, म्हणजे ९ इंचांची फिन ऐन वेळी ८ इंचांचं काम करते. इथे मोठी प्लास्टिकची फिन घेऊन उपयोग नाही, त्याच मापाची कडक घ्या.

नाकावर चालत गेल्यावर शेपटी उचलली जाऊन बाजूला पडत असेल तर फिनचा आकार आणि जागा दोन्ही चुकलेत. नाकावर उभं राहायचं तर शेपटी पाण्यात गाडलेली हवी. त्यासाठी सरळ उभी, रुंद टोकाची फिन, बॉक्सच्या मागच्या अर्ध्यात. मागे झुकलेली, टोकाला निमुळती फिन या कामाला कच्ची पडते.

सरळ रेषेत वेग वाढल्यावर बोर्ड थरथरत असेल तर पुन्हा बॉक्सकडे जा. एखादी लाट चालू असताना अचानक ब्रेक लागल्यासारखं वाटलं तर फिन बदलायची गरज नाही, तिच्यावर जाळ्याचा नायलॉनचा तुकडा किंवा प्लास्टिकची पिशवी अडकली आहे. कोळीवाड्याजवळच्या किनाऱ्यांवर हे रोजचं आहे. उभ्या फिनला असा कचरा जास्त धरतो, मागे झुकलेलीवरून बऱ्यापैकी निसटून जातो.

माप

ढोबळ नियम सगळ्यांना माहीत आहे: बोर्ड जितके फूट, फिन तितके इंच. फिनचं माप म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागापासून टोकापर्यंतची उभी उंची. वक्र धारेवरून टेप फिरवून मोजू नये, एखादा इंच उगाच वाढतो.

नऊ फुटांच्या पुढे हा नियम ठीक चालतो. ९ फूट ४ इंचांचा जड, जुन्या घाटाचा, चौकोनी शेपटीचा बोर्ड असेल तर साडेनऊ ते १० इंच. ९ फुटी हलका, पातळ कडांचा असेल तर साडेआठ ते ९. आठ फुटांच्या खाली मात्र नियम तोकडा पडतो. सात फुटी बोर्डाला ७ इंची फिन पुष्कळदा कमी पडते, साडेसात ते ८ लावावी. साडेसहा फुटी, सत्तरच्या दशकातल्या घाटाच्या टोकदार शेपटीच्या बोर्डालाही सात-साडेसात लागते. बोर्ड लहान झाला की पाण्यातली कडेची लांबीही कमी होते, आणि ती पकड फिनलाच भरून काढावी लागते.

वजनाचा फरक अर्ध्या इंचाचा धरा. पन्नास-पंचावन्न किलोच्या माणसाला नियमापेक्षा अर्धा इंच कमी चालते, पंच्याऐंशीच्या पुढच्याला अर्धा इंच जास्त. त्याहून बारीक हिशेब करत बसू नका, फिन पुढे-मागे सरकवून तो भागतो.

बाजूच्या फिन्सचा सापळा

हे स्वतंत्र सांगायला हवं, कारण चुकीच्या निदानांत याचा नंबर वरचा आहे. अनेक नवे लाँगबोर्ड ‘दोन अधिक एक’ पद्धतीचे असतात: मधे लांब बॉक्स आणि दोन्ही बाजूंना छोट्या फिन्ससाठी जागा. अशा बोर्डाबरोबर येणारी मधली फिन साडेसहा-सात इंचांची असते, कारण उरलेली पकड बाजूच्या साडेतीन इंचांच्या दोघी देतात. मग कोणाला तरी ‘खरा’ सिंगल-फिनचा अनुभव हवा होतो. बाजूच्या दोन काढल्या जातात आणि ७ इंची तशीच राहते. शेपटी घसरणारच. बाजूच्या काढल्या की मधली दीड-दोन इंचांनी वाढवा.

उलटही घडतं: १० इंची मधे, शिवाय बाजूला दोन. तो बोर्ड वळत नाही यात नवल नाही. मधली मोठी लावली की बाजूच्या काढा.

आकार

उभी फिन, बूड आणि टोक दोन्ही रुंद: बोर्ड जागच्या जागी, टाचेवर गिरकी घ्यावी तसा फिरतो आणि नाकावर उभं राहिल्यावर स्थिर असतो. वळण आखूड, वेग कमी. मागे झुकलेली फिन: वळण लांब आणि ओघवतं, वळणातून निघताना वेग टिकतो, पण फिरायला जागा लागते. फिनचं टोक बुडाच्या जितकं मागे, तितकं वळण मोठं. अरुंद बुडाची, खालून कापल्यासारखी फिन मोठा बोर्ड लवकर फिरवते, मात्र बूड अरुंद असल्याने पुढे ढकलणारा जोर कमी मिळतो.

झुकलेल्या आणि लवणाऱ्या फिनचा वंश जॉर्ज ग्रीनो या सर्फरकडे जातो. साठच्या दशकात कॅलिफोर्नियात त्याने ट्यूना माशाच्या शेपटीवरून पातळ, उंच, निमुळती फिन घडवली. १९६६ मध्ये सॅन डिएगोला ऑस्ट्रेलियाच्या नॅट यंगने सर्फिंगचं जागतिक विजेतेपद मिळवलं ते अशाच फिनच्या बोर्डावर. त्याआधीच्या बोर्डांखाली इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखी जाड, भरदार फिन असे. ग्रीनोची फिन जन्मली जोरदार वळणांसाठी, नाकावर चालण्यासाठी नाही. आजही लोक नाकावर चालायला तीच विकत घेतात आणि मग बोर्डाला दोष देतात.

गोवा-कोकणात वाळूवर फुटणाऱ्या, कमरेएवढ्या, लवकर संपणाऱ्या लाटांसाठी एकच फिन घ्यायची असेल तर नऊ-सव्वानऊ फुटी बोर्डाला ९ इंची, थोडीशीच झुकलेली, भरीव फायबरग्लासची घ्यावी. फार झुकलेली फिन इथे वाया जाते. तिला हवं तेवढं लांब वळण घेईपर्यंत लाट संपलेली असते. लांब, भिंतीसारख्या लाटांवर जाणार असाल तेव्हा दुसरी घ्या.

फिन शिटी वाजवते

वेग आला की खालून घूंऽऽ असा आवाज येतो आणि पायाला बारीक कंप जाणवतो. धोक्याचं काही नाही, पण डोकं उठवतं. मागच्या धारेवरून सुटणारे भोवरे आळीपाळीने डाव्या-उजव्या बाजूने सुटतात. त्यांची लय फिनच्या स्वतःच्या कंपनाशी जुळली की फिन गाऊ लागते. जहाजांचे पंखेही असेच ‘गातात’ आणि त्यांच्यावरचा उपायही हाच आहे: मागच्या धारेला एकाच बाजूने उतार द्यायचा, म्हणजे दोन्हीकडचे भोवरे एका तालात सुटत नाहीत.

फिन काढा. २२० नंबरचा पाण्यातला पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळा, पेपर ओला ठेवा. मागच्या धारेच्या फक्त एका बाजूला, साधारण ३० ते ४५ अंशांत, एक-दोन मिलिमीटर रुंदीचा उतार काढा. टोकापासून बुडाकडे, एका दमात, सारख्या दाबाने. मधेच थांबलात तर तिथे खळगा पडतो. मग ४०० नंबर. लावून पाहा. आवाज राहिला तर आणखी थोडं घासा. धार सुरीसारखी करू नका, १ मिलिमीटर जाडी राहू द्या. पडल्यावर ती धार तुमच्याच पोटरीला लागते. कोरडं घासू नका, आणि ओलं घासतानाही तोंडावर मास्क हवा, फायबरग्लासची धूळ फुप्फुसांना वाईट.

आवाज नवीनच सुरू झाला असेल तर धार घासण्याआधी पुढच्या धारेवरून बोट फिरवा. खडकाला लागून पडलेला टवका तिथे सापडेल. तो पकडही कमी करतो, कारण पाणी फिनच्या अंगाला लागण्याआधीच तिथे फाटतं. टवका इपॉक्सीने भरा, वाळल्यावर मूळ गोलाईत घासा.

उथळ पाणी

१० इंच म्हणजे पंचवीस सेंटिमीटर. किनाऱ्यापर्यंत फेसावर तरंगत यायची सवय असेल तर गुडघ्याएवढ्या पाण्यातच बोर्डावरून उतरा. फिन वाळूत रुतते, बोर्ड मागून लाट ढकलते, आणि तो सगळा जोर बॉक्सच्या पुढच्या टोकावर येतो. चीर तिथूनच सुरू होते. मालवण-तारकर्लीकडे पाण्याखाली कातळ आहे अशा जागी ओहोटीला जाऊच नये. एकदा जरी फिन जोरात आपटली तरी त्याच दिवशी स्क्रू काढा, प्लेट वाकली आहे का पाहा, गोड्या पाण्याने खाच धुवा आणि फिन पुन्हा बसवून बुडाशी नजर ठेवत टोक हलवा.